आ करा, मामा

मामा, काल ओढ्यावर कावळा आला नाही. झालं समाधान?

सगळं गाव उन्हात ताटकळत बसलं होतं. पिंडाशेजारी पत्रावळीवर तुमच्या आवडीचं मांडलं होतं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी, वाटीभर दूध. लिंबावर दोन कावळे बसून माना वाकड्या करत होते, पण खाली यायचं नाव नाही. भटजींनी घड्याळ बघितलं. तुमच्या लेकानं हात जोडून "मेंढरं नीट सांभाळू, काळजी करू नका" म्हणून सांगितलं. जावयांनी "नातवाचं शिक्षण करू" म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. मग तात्या उठले. तुमचे थोरले भाऊ ते, त्यांना उठल्याशिवाय चैन कुठं! सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याची चंची आणा. तंबाखूचा इडा ठेवा. त्याच्याबगर त्यो घासाला शिवायचा नाय."

तेव्हापासून गावात एकच बोलणं चालू आहे की सुनेनं सासऱ्याचा आत्मा अडकवला. लोक काय, उंटावरून शेळ्या हाकायला बसलेलेच असतात. म्हणून म्हटलं, झालं ते तुम्हालाच सांगावं. तुम्ही साक्षीला होता, खोटं बोलले तर तिथूनच एक शिवी हासडा.

गावाकडं तुम्ही ओसरीवर यायच्या आधी खाकरायचा आणि मी डोक्यावर पदर ओढून आत सरकायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपलं थेट बोलणं म्हणजे पाहुणे आल्यावर "चहा ठेव" एवढंच. तुमच्या गालात, तंबाखूची गोळी ठेवायच्या जागी गाठ आली, तिचं ऑपरेशन झालं, टाके सुकले आणि डॉक्टर म्हणाले आता मशिनीखाली किरणांचे शेक द्यायचे. शेक शहरात. मग तुम्ही कळपातली मेंढरं तात्यांवर सोपवून बजाजनगरात आमच्या दोन खोल्यांत आलात. इथं कुठली ओसरी आणि कुठला आडोसा! मी भाकरी थापतेय आणि तुम्ही हातभर अंतरावर स्टुलावर, भिंतीकडं तोंड करून. तुम्हाला अवघडल्यासारखं आणि मला तर त्याहून.

त्यात त्या सिस्टर. शेकाच्या खोलीबाहेर बसवून त्यांनी आपल्या तिघांना नीट समजावलं होतं. शेक आजाराला जाळतो, तसाच तोंडाच्या आतली कोवळी कातडीही सोलतो. फोड येणारच नाहीत असं म्हणत नाही, म्हणाल्या, पण तोंड स्वच्छ आणि ओलं ठेवलं तर उशिरा येतील, कमी येतील. तोंड फुटलं की जेवण तुटतं. जेवण तुटलं की अंग उतरतं, शेकताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो मास्क सैल पडतो, शेक थांबवावे लागतात. आणि शेक मधेच थांबले की आजाराला रान मोकळं. मऊ ब्रश, उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूट मीठ आणि चिमूट खायचा सोडा, दर दोनेक तासांनी गुळण्या. तंबाखू नाही, मिसरी नाही, तिखट नाही, कढत नाही. आणि रोज घरातल्या कुणीतरी बॅटरी लावून तोंड आतून बघायचं.

घरातल्या कुणीतरी म्हटल्यावर सिस्टरनी तुमच्या लेकाकडं बघितलं. तुमच्या लेकानं माझ्याकडं बघितलं. त्याची वाळूजची कंपनी, शिफ्टचं काही खरं नसतं. मी घरीच शिलाई करते. झालं, माझ्या गळ्यात.

पहिल्या दिवशी मी मोबाईलची बॅटरी लावून पुढं आले आणि तुम्ही ओठ असे आवळले की सुईचं टोक आत जाऊ नये.

"सुनंपुढं तोंड वासू व्हय?"

"आ करा, मामा."

"त्यो आल्यावर बघंल."

"तो रात्रपाळी करून येतो आणि उभ्याउभ्या झोपतो. आ करा."

"नाय."

मग माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "मामा, या तोंडात तंबाखू कोंबताना लाज वाटली नाही, उघडताना वाटते?" बोलून गेले. गावाकडं असतं तर तात्यांनी मला माहेरी पोचवलं असतं. तुम्ही माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं असेल. मग डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

डोळे मिटले म्हणजे मी दिसत नाही, आणि मी दिसत नाही म्हणजे लाज नाही, असा तुमचा हिशेब. चालेल म्हटलं. शेवटपर्यंत तुम्ही तसेच डोळे मिटूनच आ केलंत.

पण गुळण्यांच्या बाबतीत मला आधी चांगलंच फसवलं तुम्ही! मी पेला भरून द्यायचे, तुम्ही तोंडात पाणी घ्यायचा, मान हलवायचा आणि मोरीकडं निघायचा. मी म्हणे किती शहाणे आमचे मामा. एक दिवस बघते तर मोरी कोरडी ठणठणीत, आणि तुम्ही स्टुलावर बसून ढेकरांवर ढेकर देताय. सुनेच्या देखत थुंकायचं कसं, म्हणून सगळा सोडा सरळ गिळत होता! किती दिवस चाललं होतं हे देव जाणे. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. सिस्टरना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, पोट नाही धुवायचं, तोंड धुवायचं आहे."

शेवटी तोडगा निघाला. मी शिलाई मशीन भिंतीकडं फिरवलं आणि तुमच्याकडं पाठ करून बसायला लागले. म्हटलं, मी बघत नाही, पण मला आवाज ऐकू आला पाहिजे. ब्लाउजची एक बाजू शिवून होईपर्यंत खळखळ थांबायची नाही. तुम्ही इमानदारीनं खळखळ करायचा, थुंकायचा आणि वर खाकरून सांगायचा, की झालं बाई, वळ आता. पलीकडची भाभी विचारायची, "क्या जी, तुमारे घर में दिनभर नल चालू रैता क्या?" मी म्हणायचे, आमचे मामा आहेत.

दात काढले तेव्हाचा तुमचा तमाशा मी विसरले नाही. शेक सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांनी दोन किडक्या दाढा काढल्या. "दुखणं गालाला आन काढता दात, ह्ये कुठलं शास्तर?" म्हणून तुम्ही खुर्चीतून उठायला निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, शेकानंतर जबडा लवकर भरून येत नाही, किडका दात आत ठेवला तर पुढं हाडच सडेल, म्हणून जखम आत्ताच सुकू द्यायची. तुम्ही ऐकलं, पण रिक्षात माझ्यावर डाफरलात. मला म्हणालात, तूच शिकवलं त्याला. जसा काही दातांचा डॉक्टर माझ्या माहेरचा!

आणि तुरटी? ती तर मी कुणाला सांगितली तरी पटायची नाही.

तुम्हीच मला सांगितलं होतं, तुमच्या तरुणपणी एका साली सगळ्या कळपाला लाळ्या-खुरकूत लागली. मेंढरांची तोंडं आतून सोलली, लाळ गळायला लागली, चारा समोर आणि तोंड लावता येईना. तुम्ही आणि तात्यांनी एकेका मेंढराचा जबडा उघडून तुरटीच्या पाण्यानं धुतला. "रोगानं नाय मरत पोरी, उपाशी मरतं. ज्यांची तोंडं धुतली ती जगली." मी लगेच पकडलं तुम्हाला. म्हटलं, मग तेच तर करतोय की आपण. तुम्ही मेंढरांची तोंडं धुतली, मी तुमचं धुते. त्या दिवसापासून तुम्ही गुळणीला एकदाही नाही म्हणाला नाहीत.

पण डोकं धनगराचं! चौकातल्या न्हाव्याकडनं तुरटीचा खडा मागून आणला आणि गुपचूप गुळणीच्या बाटलीत टाकला. म्हणे, मेंढराला जे चाललं ते मला का चालू नये? दुसऱ्या दिवशी तोंड आवळून अशी आग झाली की डोळ्यांतून पाणी. डॉक्टरांनी बाटली हलवली, तळाचा खडा बघितला आणि भडकलेच.

"शेकानं कोरडी पडलेली कातडी, तिच्यावर तुरटी? तुम्ही काय मेंढरू आहात का?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "मास्क लावून मेंढरासारकंच बांधता की मला मशिनीखाली. मंग मी काय समजू?"

डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या. मी नाही हसले, मी तो खडा कचऱ्यात टाकला. आणि मग तुम्ही काय केलं ठाऊक आहे? कमरेची चंची सोडून माझ्या हातात दिली. तंबाखू केव्हाच संपली होती तिच्यातली, पण रिकामी का होईना, कमरेला लागायची तुम्हाला. म्हणालात, "ह्यात भर तुझं काय ते. शेकाला जाताना बाटली जड पडती." मग तंबाखूच्या कप्प्यात सोड्याची पुडी आणि चुन्याच्या डबीत मीठ. दवाखान्यात बाकावर बसून तुम्ही ऐटीत चंची उघडायचा, तळहातावर चिमूट घ्यायचा, तेव्हा शेजारच्यांचे डोळे विस्फारायचे. मग तुम्ही सांगायचा, "सोडा हाय. आमच्या सुनंची तंबाखू."

फोड आलेच, मामा. खोटं कशाला बोलू? आधी लाली आली, मग गालात आणि जिभेच्या कडेला पांढुरके चट्टे. त्या दिवशी मी बॅटरी विझवायची सोडून परत परत त्याच जागी धरत राहिले. तुम्ही डोळे मिटल्यामिटल्या विचारलं, "फुटलं का?" मी म्हटलं, थोडं. डॉक्टरांनी जेवणाआधी तोंडात धरून ठेवायला बधिर करणारं औषध दिलं, म्हणाले, एवढ्यावर आहे म्हणजे तुम्ही जिंकताय, गुळण्या सोडू नका. मी दूध-भाकरीचा काला बोटांनी कुस्करून पिठासारखा करायचे. मुगाचं गार वरण, मऊ भात, उकडलेलं अंडं. "पांचट," तुम्ही म्हणायचा. "मिरची नाय तर त्ये जेवण व्हय?" आणि पांचट म्हणत म्हणत वाटी चाटून ठेवायचा. घासाला डोळ्यांत पाणी यायचं, तरी वाटी रिकामी. रडू यायचं मला, पण तुमच्यासमोर नाही रडले. मशीनकडं तोंड करून शिवत बसायचे.

नाकात नळी घालायची वेळ आली नाही. मास्क सैल झाला नाही. एकही शेक बुडला नाही. हे मी छातीवर हात मारून सांगते, कारण यातलं निम्मं तुमचं आहे आणि निम्मं माझं.

शेवटचा शेक झाला तो छावणीतल्या जनावरांच्या बाजाराचा दिवस. तुम्ही रिक्षा थांबवायला लावली. शेळ्या-मेंढ्यांच्या गर्दीत शिरलात, एका कळपाच्या तोंडाशी उभे राहिलात आणि घशातून ती तुमची हाळी काढली, "हुर्रर्र हा!" आवाज चिरका निघाला, पण निघाला. अनोळखी मेंढरं, त्यांनी माना वळवल्या. तुम्ही माझ्याकडं बघितलं, डोळे उघडे ठेवून. तुमची खरी भीती मला तेव्हा कळली. मरणाची नव्हतीच ती. तोंड गेलं तर मेंढरांना बोलवायचं कसं, ही होती.

त्यानंतर वर्षभर तुम्ही गावात मेंढरं राखलीत. मग आजार छातीत निघाला. त्याला गुळण्या काय करणार? तो दुसऱ्या वाटेनं आला.

आता जो तो येतो आणि सुतकाच्या चहाबरोबर शहाणपण पाजतो. "एवढ्या गुळण्या केल्या, एवढं पथ्य केलं, काय उपयोग झाला?" मामा, मी एकेकाला सुनावलंय. "उपयोग काय विचारता? माणूस शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या तोंडानं जेवला. आपल्या तोंडानं बोलला, भांडला, शिव्या दिल्या. मेंढरू उपाशी मेलं नाही, हा उपयोग. तुम्हाला तो कमी वाटत असेल तर चहा ठेवा खाली आणि चालू लागा." एक बाई तर खरंच उठून गेली. जाऊ दे.

आणि तुम्हीही काही कमी नाही. गेल्या महिन्यात खाटेवर उशाला टेकून बसला होता. दम लागत होता, तरी गाल हसरे. म्हणालात, "पोरी, आता तर जायचंच हाय. जित्यापणी नाय दिली, पिंडावर तरी ठेवशील ना चिमूटभर?"

मी म्हटलं, "नाही."

"मेल्यावर बी नाय?"

"मेल्यावरही नाही."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि कूस बदलली. पुढं ते बोलणं निघालंच नाही. तुम्ही रुसला होता, की थट्टा केली होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला जे बोलायचं होतं तेही राहिलं. बोलायचं हे होतं, की मामा, मी रोज त्या तोंडात डोकावले. कुठली दाढ कुठं, कुठला चट्टा कधी भरला, सगळं मला पाठ. ते तोंड तुमच्या एकट्याचं राहिलं नव्हतं. ज्या तंबाखूनं ते सडवलं तिचा नैवेद्य माझ्या हातानं दाखवू? तुमच्यासाठी काय वाटेल ते केलं असतं, पण हे नाही.

तर काल तात्या "चंची आणा" म्हणाले. मी बायकांतून उठले, कमरेला खोचलेली तुमची चंची काढली आणि पिंडाशेजारी ठेवली. तात्यांनी उघडून बघितली. तुम्ही शेवटी ठेवला होता तसाच सोडा, तसंच मीठ.

"ह्ये काय? थट्टा लावली का?" म्हणत त्यांनी स्वतःच्या खिशातली पुडी काढली आणि चिमूट घेऊन वाकले. मी त्यांचा हात धरला. चारचौघांत, चुलत सासऱ्याचा हात.

"तात्या, ठेवायची नाही."

"आगं, कावळा शिवंना. त्याचा जीव घुटमळतोय. जित्याची खोड हाय, मेल्याबिगर जायची नाय."

"मेले की ते! आता तरी जाऊ द्या. तुम्ही लोक ती खोड मेल्यावरही जाऊ देत नाही."

तात्या तुमच्या लेकाकडं वळले, की आवर हिला. दहा दिवसांत तात्यांपुढं त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. खाली बघत म्हणाला, "तात्या, तिनं बापाला भाकर खाऊ घातली. ती म्हणती तसं होऊ द्या." आणि डोळे पुसायला लागला. लेक तुमचा आहे, उशिरा का होईना तोंड उघडतो.

कावळे उडून गेले. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. लोक पाय आपटत घरी गेले. मी चंची उचलली आणि तुम्हाला मनातल्या मनात म्हटलं, बसा रुसून. माझं नाही म्हणजे नाही. तुम्ही हट्टी तर मी तुमचीच सून.

संध्याकाळी मी ओसरीवर भांडी आवरत होते. दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. अगदी तुमच्यासारखं. हातातली वाटी तशीच धरून मी वळले.

तात्या होते. आत आले, तुमच्या खाटेवर बसले. बराच वेळ टोपीच काढत-घालत राहिले. मी पाणी दिलं, ते त्यांनी एका बाजूनं, मान तिरकी करून प्यायलं. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सूनबाई, त्या मोबाईलला बॅटरी हाय का?"

मी बॅटरी लावली. तात्यांनी डोळे घट्ट मिटले. दोन बोटं जातील एवढंच उघडलं त्यांचं तोंड, पुढं उघडेना. गालात, पुडी ठेवायच्या जागी, पांढरा चट्टा.

"कधीपासून दुखतंय?"

"तिखट सोसत नाय आताशा. झोंबतं." डोळे मिटलेलेच. "त्याला इचारणार होतो. त्यो गेला."

सोमवारी पहिल्या गाडीनं त्यांना शहरात नेतेय. गाठ आहे की नुसता डाग, ते डॉक्टर सांगतील. खिशातली पुडी त्यांनी स्वतः काढून दिली, मी चुलीत टाकली. तुमची चंची त्यांच्या कमरेला बांधली. मीठ थोडंच उरलं होतं, ते भरून दिलं.

कावळा नाही आला, मामा. तात्या आले.